तड्याची झांज

१ जानेवारी २००८, मंगळवार

ही वही खताच्या दुकानातून आली आहे, वर टमाट्याचं चित्र आहे. माझ्या नातीनं, शुभांगीनं, ती माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "आज्जे, तू दिवसभर जे बोलतीस ते ह्यात लिव्हत जा. तेवढंच आमच्या कानाला इसावा." पोरगी भोरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते आणि जीभ माझ्यावर गेली आहे. राग येण्याऐवजी मला लई आनंद झाला. कुणावर तरी गेली म्हणायची.

मी दुसरीत शाळा सोडली. पंचेचाळिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात पुन्हा बसले, तेव्हा शिकवणारी पोरगी मला काकू म्हणायची आणि चुकलं की छडी न मारता नुसता उसासा टाकायची. छडी परवडली असती. माझं अक्षर अजून लंगड्या कोंबडीसारखं पडतं. पडू दे. वही माझी आहे.

आता मुद्द्याचं लिहिते. आमचे हे, म्हणजे दादू कामथडीकर, गायनपार्टीचे गायक. जयंती असो, लग्न असो, भोरपासून पार वेल्ह्यापर्यंत ह्यांची पार्टी गायली. भोरचे जलालभाई स्पीकर लावायचे आणि त्याच मशीनला टेप जोडून कार्यक्रम कॅसेटवर धरून ठेवायचे. पुढं कॅसेटी चिकटायला लागल्या, तशा ह्यांनी पुण्याला नेऊन त्यांच्या चोवीस सीड्या करून आणल्या. प्रत्येकीवर स्वतःच्या हातानं गाव आणि साल लिहिलं. कॅसेटी टाकून दिल्या. त्यानंतर तीन वर्षांनी, २४ फेब्रुवारीला, हे गेले. ह्या फेब्रुवारीत चार वर्षं होतील.

आता सीड्यांचंही खरं राहिलं नाही. पावसाळ्यातल्या ओलीनं चंदेरी पापुद्रा सुटतोय, गाणं मधेच अडखळतं. म्हणून माझ्या मुलानं, भूषणनं, त्या झुल्फिकारकडं दिल्यात. झुल्फिकार म्हणजे जलालभाईंचा मुलगा, भोरच्या स्टँडजवळ त्याचं मोबाईलचं आणि सीडीचं दुकान आहे. तो सगळी गाणी कॉम्प्युटरात घालून चोवीसची एकच सीडी करणार. पुण्यस्मरणाच्या दिवशी भूषण ती लोकांना वाटणार. पोराला बापाची आठवण आहे, ह्याचं मला बरं वाटतं.

गुडघा दुखतोय. बाकी बरं.

४ जानेवारी, शुक्रवार

सीडी आली! चोवीसची एक. सगळं घर कॉम्प्युटरपुढं बसलं. हा कॉम्प्युटर भूषणचा, लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगच्या धंद्याचा. त्यात सगळ्या तालुक्याच्या नवऱ्या रडताना साठवलेल्या आहेत.

ह्यांचा आवाज आला आणि मी तोंडाला पदर लावला. सून रडली. भूषण म्हणाला, "बघा, चोवीसच्या चोवीस एका सीडीत. ह्याला एमपीथ्री म्हणत्यात."

दोन गाणी ऐकली. तिसऱ्याला मी म्हटलं, "भूषण, झांज कुठाय?"

"हाय की. ऐक."

ऐकलं. पेटी होती, ढोलकी होती, कोरस होता. आणि झांजेच्या जागी काहीतरी चर्र चर्र होतं, तापल्या तेलात पाण्याचे थेंब पडल्यासारखं. झांज म्हणजे मी. बहात्तरच्या दुष्काळात झांजवाला कोंडिबा गाव सोडून मुंबईला गेला, दुसऱ्या दिवशी भोंगवलीत कार्यक्रम होता, म्हणून ह्यांनी माझ्या हातात झांज दिली. दिली ती दिली, तेवीस वर्षं परत घेतली नाही. पुण्याच्या तांबट आळीतली जोडी आहे. एकदा टेम्पोतून पडून एकीला तडा गेला, तेव्हापासून ती वाजली की मागं एक किरकिर लागते. हे म्हणायचे नवी घेऊ. घेतली नाही.

मी म्हटलं, "ही माझी झांज न्हाई."

भूषण हसला. "आये, तुजं कान गेल्यात."

शुभांगीनं तेच गाणं पुन्हा लावलं.

५ जानेवारी, शनिवार

सकाळी कान तपासले. कपड्यांच्या पेटीतून झांज काढली, परसात जाऊन एकदाच वाजवली. छन्न, आणि मागं किरकिर. चांगली ऐकू आली. म्हैससुद्धा दचकली, म्हणजे तिचेही कान चांगले आहेत.

पण मग शंका आली. मला कानानं ऐकू येतं का आठवणीनं? म्हातारपणी हे दोन्ही एकात एक मिसळतं. कदाचित भूषणचं बरोबर असेल. नसलेली झांज धरून बसायचं आणि पोराच्या चांगल्या कामात खोट काढायची, हे बरं नव्हे.

दारातून आमचं ज्वारीचं रान दिसतं. कणसं भरत आलीत आणि पाखरं नुसती तुटून पडतात. गोफण मारायला आता माझा खांदा चालत नाही. पण आज भूषणनं रानात काहीतरी चमचमणारं टांगलं आहे. उन्हात असं लखलखतंय की बघत राहावं. मी सुनेला म्हटलं, पोराला डोकं आहे हो.

७ जानेवारी, सोमवार

आज मी भोरला जाऊन आले. भूषणला सांगितलं गुडघा दाखवायला जाते. गुडघा माझ्याबरोबर होताच, म्हणजे खोटं नाही. कापूरहोळला गाडी बदलली, स्टँडवर शुभांगी उभी होती.

झुल्फिकार चांगला पोरगा. स्टूल दिलं, चहा सांगितला.

मी म्हटलं, "बाबा, माजी झांज तुज्याकडं ऱ्हायलीय."

त्याला आधी कळेना. शुभांगीनं सांगितल्यावर म्हणाला, "आज्जी, त्याचं असंय, एमपीथ्री करताना माणसाच्या कानाला जे ऐकू येत न्हाई ते मशीन काढून टाकतं. म्हणून तर फाईल बारकी व्हती."

"कंच्या माणसाच्या?"

"आँ?"

"कंच्या माणसाच्या कानाला ऐकू येत न्हाई? नाव सांग की त्याचं."

"आता ते मला काय म्हाईत. तिकडं जर्मनीत कुणी तरी ठरवलंय."

"त्यो आला व्हता का वेल्ह्याला, झांज ऐकायला?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मी हसवण्यासाठी बोलले नव्हते, पण हसली म्हटल्यावर जरा चेव आला. मी म्हटलं, लाव ते गाणं, मोठ्यानं लाव.

मागच्या बाजूला खुर्चीत जलालभाई बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मी आलेली त्यांना दिसली नव्हती. गाणं सुरू झालं तशी त्यांनी मान वर केली. "दादूचा आवाज." मग कान पुढं करून, "झुल्फ्या, झांजेवर कोण हाय हे?"

"अब्बा, पार्टीचीच झांज हाय."

"छट्! पार्टीची झांज तड्याची. म्या काय भैरा हाय का? वैनीची झांज येवढी कडक, की माईक दहा हात लांब ठिवायचो, तरी टेपात शिरायची. ही कुनाची उचलून आनलीस?"

मी म्हटलं, "जलालभाई, म्या हितंच बसलेय."

"वैनी? मग सांगा की ह्येला!"

मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. कान माझे गेलेले नाहीत. दोन म्हाताऱ्यांचे कान एकदम एकाच जागी जाणार नाहीत.

झुल्फिकार ओशाळला. मग खरं सांगितलं: भूषणला सगळं एकाच सीडीत पाहिजे होतं, म्हणून त्यानं नेहमीपेक्षा जास्त दाबलं. दाबलं की बारीक आवाज आधी मरतो. आणि गाण्याच्या मधल्या गप्पा, खोकणं, पाणी पिणं, ते त्यानं कापून टाकलं.

शुभांगी त्याच्या कॉम्प्युटरवर वाचत बसली होती. तिनं सांगितलं की अजून दोन प्रकार आहेत. एक वेव्ह, तो सीडीत आहे तसाच्या तसा, पण जागा भयंकर खातो. दुसरा फ्लॅक, तो जवळजवळ निम्म्या जागेत बसतो आणि त्यातलं काहीसुद्धा जात नाही.

मी म्हटलं, "म्हंजी गोधडी. वेव्ह म्हंजी खोलीभर पसरलेली. फ्लॅक म्हंजी घडी घालून ट्रंकेत ठिवलेली, उलगडली की टाक्यासकट तीच. आन एमपीथ्री म्हंजी ट्रंकेत बसंना म्हणून कडा कापलेली."

झुल्फिकार म्हणाला, "आज्जी, तुमी हितं दुकानात बसा, मी कामथडीला ज्वारी राखतो." पण नंतर एक गोष्ट बोलला ती मात्र मनाला लागली. म्हणाला, "पण हा फ्लॅक कुणाच्या मोबाईलात वाजत न्हाई. सीडी प्लेअरला कळत न्हाई. कुणाला ऐकताच येणार न्हाई तर ठिवून काय करायचं?"

मी पदर सावरून उठले.

"बरं, मग सीड्या तरी परत दे," मी म्हटलं.

"त्या भूषणदादांनी शुक्रवारीच नेल्या की."

घरी येऊन पत्र्याचा डबा उघडला. रिकामा.

८ जानेवारी, मंगळवार



सकाळी भूषणला विचारलं, सीड्या कुठं आहेत. तो दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "आये, आता त्याचं काय काम? एमपीथ्री झाली न्हवं. पाखरं लई पडली व्हती..." आणि पुन्हा दाढीला लागला.

मी बाहेर बघितलं. रान लखलखत होतं.

शनिवारी मीच म्हटलं होतं, पोराला डोकं आहे.

विळा घेऊन तशीच गेले. चहूकडं काठ्या रोवलेल्या, काठीला दोरी, दोरीला सीडी. बरं की सीडीला मधे भोक असतंच, पाडावं लागत नाही, म्हणून तर गावोगाव रानात टांगतात. पण दोरी भोकातून काढून कडेवरून गाठ मारलेली, आणि वाऱ्यानं ती घासत होती. ह्यांचं अक्षर गरगर फिरत होतं. "शिवरे १९८१". "भोंगवली १९८४". फिरत होतं आणि मला वाचता येत होतं. साक्षरतेच्या वर्गाचा असा उपयोग होईल असं त्या पोरीला वाटलं नसेल.

एक गोष्ट कबूल करते: रानात पाखरू एकसुद्धा नव्हतं. ह्यांनी वरचा सूर लावला की जिवंतपणीही झाडावरची पाखरं उडायची. हे आठवलं आणि त्या ज्वारीत उभी राहून मी एकटीच हसले. मग रडले. मग पुन्हा दोऱ्या कापायला लागले.

तेवीस भरल्या. चोविसावी नाही. पलीकडच्या वावरातून कुंडलिक ओरडला, "काकू, एक म्या नेलीया! भूषणला इचारून नेलीया!"

"आण ती."

"एका सीडीनं काय व्हतंय? माजं हरभऱ्याचं पाखरू..."

"तुज्या पाखराला गोफण मार. दादू कामथडीकरला बुजगावणं करतोस व्हय?"

त्यानं आणून दिली. "वेल्हे १९८६", सतरा नंबर. पदरानं पुसायला गेले तर शुभांगी धावत आली. "आज्जे, गोल न्हाई पुसायची! मधनं कडेला, सरळ." आमच्या घरात कुणी तरी शिकतं आहे म्हणायचं.

१० जानेवारी, गुरुवार

काल भांडण झालं. भूषणचं म्हणणं: कॉम्प्युटरात जागा नाही, लग्नाच्या शूटिंगनं भरलाय. शुभांगीचं म्हणणं: जी लग्नं देऊन झाली ती काढता येतील. भूषण म्हणाला, "उद्या कुणी परत मागितली तर?" मी म्हटलं, "नवरा-बायको हाईत न्हवं जिवंत? पुन्ना लगीन लावा त्यांचं. माजा गायक कुटनं आणू?"

सून हसली, म्हणून तो तिच्यावर चिडला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आये, खरं सांग. हे सगळं तुज्या झांजेपायी चाललंय का न्हाई?"

मी म्हटलं, मुळीच नाही. झांजेचं काय घेऊन बसलास, ह्यांचा आवाज धड राहावा म्हणून म्हणते. हे मी इथंही लिहून ठेवते, कारण तेच खरं आहे.

आज सकाळी पोहे करताना झुल्फिकारच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. पोह्यांची परात हातात तशीच घेऊन भूषणपुढं उभी राहिले. म्हटलं, "भाताचं पोहे व्हत्यात. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"पोहे पेरून भात उगवतो का?"

तो चपला शोधायला लागला.

"मग? फ्लॅक हे बियाणाचं भात. ते कणगीत ठिवायचं. ज्याला मोबाईलात ऐकायचंय त्याला त्यातनं पोहे करून देऊ, पायजे तेवढे. आज एमपीथ्री, उद्या आनिक काय निघंल, त्याचं बी करू. पन बियाणं दळायचं न्हाई. म्या जित्ती हाय तवर न्हाई."

शुभांगी म्हणाली, "पप्पा, आज्जी करेक्ट बोलतीया." भूषण पोहे न खाताच गेला. पोहे चांगले झाले होते, मी त्याचेही खाल्ले.

११ जानेवारी, शुक्रवार

सकाळी शुभांगीनं कॉम्प्युटर लावला तर निम्मा रिकामा, जुनी लग्नं गायब. मी भूषणला पोहे दोनदा वाढले.

१५ जानेवारी, मंगळवार

काम सुरू आहे. मी ह्याला शेवग्याच्या शेंगा सोलण्यासारखं समजत होते, पण ते बाळंतपणासारखं निघालं. घाई करून उपयोग नाही. शुभांगीनं एक सॉफ्टवेअर आणलं आहे, ते सीडीला ओरखडा दिसला की पुढं पळत नाही, तिथंच थांबून पुन्हा पुन्हा वाचतं, पुन्हा पुन्हा, जोवर दोनदा तेच येत नाही तोवर. मला हे मशीन आवडलं. शाळेत मला असं कुणी वाचू दिलं असतं तर मी चौथीपर्यंत तरी गेले असते.

नऊ झाल्या. पाच नंबर मात्र उघडलीच नाही. दोरीनं वरचा पापुद्रा पार खरवडला गेला होता, उजेडाकडं धरली तर आरपार दिसतं. "शिवरे १९८१" आता झुल्फिकारच्या चर्र चर्रातच राहणार. पोहे तर पोहे. भूषण दारात उभा राहून बघत होता. संध्याकाळी बघते तर हा बाबा माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन उरलेल्या सीड्या पुसतोय. मधनं कडेला, सरळ.

शुभांगीनं विचारलं, "आज्जे, प्रत्येक फायलीत कलाकार लिव्हायला जागा हाय. काय घालू?"

"दादू कामथडीकर आणि पार्टी."

"तुजं?"

"माजं कशाला? घरचं माणूस." हे ह्यांचंच वाक्य आहे. स्टेजवर ओळख करून देताना ते पेटीवाल्याचं नाव घ्यायचे, ढोलकीवाल्याचं, कोरसवाल्यांचं. कुणी विचारलं, झांजेवर कोण? तर म्हणायचे, घरचं माणूस, नाव कशाला घ्यायचं. लोक हसायचे. मीही हसायचे. हसण्यासारखंच होतं.

२३ जानेवारी, बुधवार

भूषणनं वाटायच्या सीडीचं कव्हर छापून आणलं. शंभर. ह्यांचा फेट्यातला फोटो आहे, झकास दिसतात. खाली नावं आहेत: गायक, पेटी, ढोलकी, कोरस दोन. शेवटी "साउंड: जलालभाई".

दोनदा वाचलं. माझं वाचन हळू आहे, कधी कधी ओळ सुटते, म्हणून तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं.

छान झालंय असं म्हटलं. शुभांगी तोंड उघडणार होती, तिला मी म्हशीला वैरण टाकायला पाठवली. ह्यांच्या पुण्यस्मरणाला ह्यांचं नाव आहे, अजून काय पाहिजे? दुपारी विनाकारण सगळी भांडी चिंचेनं घासली. झांजही घासली. आरशासारखी झाली.

१० फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते लिहिण्यासाठी मी पेन्सिलीला टोक करून बसले आहे.

शेवटच्या सीड्या चालल्या होत्या. वीस नंबरही गेली, म्हणजे चोवीसमधल्या दोन गेल्या. आणि सतरा नंबर, कुंडलिकच्या हरभऱ्यातली, सगळ्यात ओरखडलेली. दोन तास मशीन कण्हत होतं. मी बाजूला लसूण सोलत होते. शेवटी शुभांगी म्हणाली, "आली गं आज्जे, सगळी आली!"

"वेल्हे १९८६" लावली. पहिलं गाणं झालं. झुल्फिकारच्या सीडीत ह्याच्यामागं लगेच दुसरं गाणं होतं. इथं नव्हतं. इथं माणसांचा गलका, कुणाचं पोर रडतंय, ह्यांनी घसा खाकरला, तांब्या खाली ठेवल्याचा आवाज. आणि मग ह्यांचा आवाज, गाण्याचा नाही, घरातला, माईकपासून जरा बाजूला:

"साळू, झांज हळू."

लसूण हातातून पडला. साळू म्हणजे मी. बावीस सीड्यांत माझं नाव एकदाच आहे आणि तेही रागावून.

शुभांगीनं थांबवलं. माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "बघ, ऐकायचे म्या. तुज्या आज्यानं हळू म्हटलं की हळू. जलमभर ऐकलं त्यांचं. आताच्या पोरींसारखं न्हाई."

"पुढं लावू?"

"लाव."

पुढचं गाणं सुरू झालं. पेटी, ढोलकी, आणि झांज.

हळू? आई गं. हळू कुठली! आधीच्या गाण्याच्या दुप्पट. छन्न छन्न, मागं तड्याची किरकिर, अशी की कॉम्प्युटरच्या स्पीकरची दोन्ही डबडी हादरली. ह्यांचा आवाज झांजेवर चढायला बघतोय, झांज अजून वर. शेवटच्या कडव्याला तर हे चक्क हसलेत, गाता गाता, ऐकू येतं. आणि समोरचे लोक टाळ्या वाजवतायत.

मला ह्यातलं काहीही आठवत नाही. देवाशपथ लिहिणार होते, पण आम्ही देव मानत नाही, म्हणून नुसतंच लिहिते: मला वाटत होतं मी जन्मभर हळूच वाजवली.

शुभांगी पोट धरून हसत होती. "व्हय आज्जे, लई ऐकायचीस तू त्यांचं!"

दारात भूषण उभा. कधी आला कळलं नाही. म्हणाला, "परत लाव गं." पुन्हा लावलं. तो खाली बसला, लसणाच्या पाकळ्या गोळा करायला लागला. मग वर न बघता म्हणाला, "आये, तुजं कान चांगलं हाईत."

मी शुभांगीला म्हटलं, "ती कलाकाराची जागा हाय न्हवं?"

"हाय."

"लिव्ह मग. सगळ्या बावीसांत लिव्ह. झांज, साळूबाई कामथडीकर. आन गप्पा कापायच्या न्हाईत. खोकला सुदा न्हाई."

२३ फेब्रुवारी, शनिवार

झुल्फिकारनं वाटायच्या सीड्या नव्यानं करून आणल्या. सगळी नाहीत, निवडक गाणी, पण कमी दाबलेली, झांजेसकट. मूळ फ्लॅक कॉम्प्युटरात आहे, एक प्रत डीव्हीडीवर जलालभाईंच्या कपाटात, एक माझ्या पेटीत. बियाणं तीन घरी ठेवावं, एक कणगी बुरसली तर दोन राहतात.

प्रश्न उरला कव्हरांचा. शंभर छापलेली. भूषण म्हणाला, "आये, नवी छापतो." मी म्हटलं, "छापलेली वाया घालवायची न्हाईत. पेन आण."

२४ फेब्रुवारी, रविवार

कार्यक्रम समाजमंदिरात झाला. लई माणसं. वेल्ह्याहूनही आली. वंदना झाली, दोघं बोलले, जरा जास्तच बोलले. मग जलालभाईंचा मोठा स्पीकर, भूषणचा कॉम्प्युटर, आणि सतरा नंबर.

"साळू, झांज हळू" आलं तसा सगळी माणसं हसली. मग झांज आली. पुढच्या रांगेतले सावळाराम पाटील कानावर हात ठेवून ओरडले, "अरं भूषण, आवाज कमी कर जरा!"

भूषणचा हात बटणावर गेला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. आवाज वाढला.

लोक घरी गेल्यावर तो म्हणाला, "आये, चुकून उलटं फिरलं." मी म्हटलं, असेल.

हात अजून दुखतोय. काल दुपारभर बसून, जलालभाईंच्या नावाखाली जी जागा मोकळी होती तिथं मी स्वतःच लिहिलं. शुभांगी मदतीला आली, तिला हात लावू दिला नाही. "झांज: साळूबाई कामथडीकर." शंभर वेळा लिहिलं. पहिल्या वीस कव्हरांवर कोंबडी लंगडतीच आहे. पण साठच्या पुढं अक्षर चांगलं यायला लागलं.